दुपारपुरतें अरण्य

अमेरिकन ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो याचें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांत मुख्यतः दोन गोष्टींमुळें परिचित आहे. एक, कायदेभंगाच्या कर्तव्यावरील त्याचा निबंध, जो गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना वाचला. आणि दुसरी, ‘वॉल्डन’ हा ग्रंथ, जो दुर्गाबाई भागवत यांनीं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नांवानें मराठींत आणला. या दोन मोठ्या वृक्षांच्या सावलींत त्याचीं दोन लहान झाडें आमच्या वाचकांच्या दृष्टीआड राहिलीं आहेत. ‘चालणें’ आणि ‘शरदाचे रंग’ अशीं नांवें मराठींत देतां येतील असे हे दोन निबंध १८६२ सालीं ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत छापून आले. पहिला जूनच्या अंकांत, दुसरा ऑक्टोबरच्या. त्याच सालच्या मे महिन्याच्या सहा तारखेस थोरो क्षयानें वारला होता. अंथरुणास खिळला असतांना बहीण सोफिया हिच्या मदतीनें त्यानें या लेखांवरून अखेरचा हात फिरविला. पण ते छापलेले पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

एका माणसानें एकट्यानें, शरद ऋतूंत, गांवाजवळच्या रानांतून कांहीं वेळ हिंडून यावें, याहून अधिक असें या निबंधांत फारसें कांहीं घडत नाहीं. इतक्या लहान विषयांत चर्चा करण्याजोगें काय आहे, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, विषय लहान ठेवण्यांतच थोरोचें सामर्थ्य आहे. आणि जेथें जेथें तो विषयास ताणून मोठें करूं पाहतो तेथें तेथें त्याचा पाय घसरतो. त्याच्या भक्तांनीं नेमक्या घसरलेल्या जागांचीच पूजा मांडली आहे, म्हणून ही गोष्ट थोडी विस्तारानें सांगणें अवश्य वाटतें.

‘चालणें’ हा निबंध प्रथम १८५१ च्या एप्रिलमध्यें काँकर्ड गांवच्या व्याख्यानमंडळापुढें वाचला गेला. व्याख्यानाचा थाट त्यास अजून चिकटलेला आहे. आरंभींच थोरो रमतगमत चालण्याच्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ति देतो: मध्ययुगांत ‘पवित्र भूमीकडे’ जातों असें सांगून भिक्षा मागत हिंडणारे जे लोक, त्यांच्यावरून हा शब्द आला, किंवा, ज्यांना स्वतःची भूमि अशी नाहीं, म्हणून सारी पृथ्वीच ज्यांचें घर, त्यांच्यावरून आला. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ति मान्य करीत नाहींत. पण तिच्या आधारानें थोरो पुढें जें बजावतो तें फार प्रसिद्ध आहे: आईबाप, बायकापोरें, मित्र या सर्वांस कायमचें सोडण्याची ज्याची तयारी असेल, ज्यानें देणीं फेडून मृत्युपत्र करून ठेवलें असेल, त्यानेंच चालावयास निघावें.

असल्या भाषेस आपले वाचक सरावलेले आहेत. घरावर तुळशीपत्र ठेवून निघालेले पुरुष आपल्या वाङ्मयांत थोडे नाहींत. फरक इतकाच कीं, हा गृहस्थ तुळशीपत्र ठेवून दुपारीं निघतो आणि दिवेलागणीला जेवावयास घरीं परत येतो! थोरोनें लग्न केलें नव्हतें, सोडण्यास बायकापोरें नव्हतीं. आणि आयुष्याचीं बहुतेक वर्षें त्यानें काँकर्डमध्यें आईबापांच्याच घरीं काढलीं. आई खाणावळी ठेवी. बाप शिसपेन्सिलींचा कारखाना चालवी. वॉल्डन तळ्याकांठचा तो सुप्रसिद्ध एकांतवास देखील (१८४५ च्या जुलैच्या चार तारखेपासून १८४७ च्या सप्टेंबरच्या सहा तारखेपर्यंत) गांवापासून दीडएक मैलावरचा होता. जागा त्याचा मित्र इमर्सन याच्या मालकीची. शेजारून १८४४ पासून आगगाडी धांवे. आणि गांवांत जावयाचें म्हणजे थोरो त्या रुळांच्या कडेनेंच चालत जाई. यावरून त्याची टवाळी करणारे टीकाकार त्याच्या हयातींतही होते, आजही आहेत. त्यांचें म्हणणें, हा ढोंगी. आमचें म्हणणें त्याहून निराळें आहे. परत येणें हेंच या माणसाच्या चालण्याचें खरें स्वरूप आहे. खोटी आहे ती आरंभींची रणशिंगाची भाषा.

याचा पुरावा त्याच निबंधांत आहे. दिवसांतून निदान चार तास रानांत घातल्यावांचून आपली प्रकृति आणि आपलें मन ठिकाणावर राहत नाहीं, असें तो सांगतो. चार तास म्हणजे दुपार. गांवाभोंवतीं दहा मैलांचें वर्तुळ, एका दुपारची मजल आणि माणसाच्या सत्तर वर्षांच्या आयुष्याची लांबी यांत कांहीं मेळ आहे, म्हणून तेवढा प्रदेश जन्मभर पाहिला तरी पुरा ओळखीचा होत नाहीं, असें त्याचें एक वाक्य आहे. सगळ्या निबंधांत आम्हांस तें सर्वांत मोलाचें वाटतें. दाराबाहेर पडल्यावर कोणीकडे जावें हें न कळून तो कधीं कधीं पाव तास जागच्या जागीं गिरक्या घेतो आणि अखेर दर वेळीं नैऋत्येस किंवा पश्चिमेसच वळतो, हेंही त्यानें लिहून ठेवलें आहे. हें वाचून हसूं येतें. हसूं येतें तेथें हा लेखक खरा आहे असें खुशाल समजावें.

आणखी एक स्थळ. जूनच्या अखेरीस एका टेकडीवरच्या उंच पाईनवर तो चढला. अंगास राळ माखली. पण अगदीं वरच्या डाहाळ्यांच्या टोंकाला तांबडीं, नाजुक, शंकूच्या आकाराचीं फुलें त्यास दिसलीं. शेंड्याची फांदी तोडून तो गांवांत आला आणि रस्त्यांतल्या परक्या माणसांना, कोर्टाच्या कामासाठीं आलेल्या पंचांना, शेतकऱ्यांना, लांकूडतोड्यांना त्यानें ती दाखविली. त्यांपैकीं एकानेंही पूर्वीं तीं फुलें पाहिलेलीं नव्हतीं! ज्या झाडाखालून पिढ्यान् पिढ्या गेल्या त्याचें फूल कोणास ठाऊक नसावें, ही गोष्ट रानांत कायमचा नाहींसा होणारा मनुष्य आपल्याला सांगूं शकत नाहीं. ती सांगावयास फांदी हातांत धरून गांवांत परत यावें लागतें.

पण या निबंधांतली सर्वांत गमतीची जागा निराळीच आहे. एक कृपण आपल्या जमिनीच्या हद्दी शोधीत एका मोजणीदारास घेऊन फिरतो आहे. भोंवतीं स्वर्ग उघडा पडला आहे, पण त्याला दिसत नाहीं. तो जुना खांब कोठें रोवला होता तेवढेंच हुडकतो. आणि नीट पाहतां त्या मोजणीदाराच्या जागीं प्रत्यक्ष सैतान उभा! हें लिहिणाऱ्या थोरोचा स्वतःचा पोटाचा धंदा कोणता? जमीन मोजण्याचा. काँकर्डमधील कित्येक रानें त्यानें सांखळी टाकून मोजून दिलीं आणि मोजणीनंतर त्यांतलीं कांहीं तोडलीं गेलीं. इतकेंच नव्हे, तर १८४४ च्या एप्रिलमध्यें त्याच्या आणि एका सोबत्याच्या हातून मासे भाजतांना जो वणवा लागला त्यांत शंभराहून अधिक एकर रान जळालें होतें. तेव्हां सैतानाची ती प्रतिमा दुसऱ्या कोणावर रोखलेली नसून आरशांत पाहून काढलेली आहे. निबंधाच्या पहिल्या पानावरचा धर्मयोद्धा आणि मधल्या पानावरचा हा मोजणीदार यांत आम्हांस दुसराच अधिक जवळचा वाटतो.

एकट्यानें फिरण्याची प्रौढी गाणारा थोरो कांहीं पहिला नव्हे. इंग्रज निबंधकार हॅझलिट यानें १८२२ सालीं प्रवासावर जो निबंध लिहिला त्यांतही बाहेर पडावें तें एकट्यानें, असेंच प्रतिपादन आहे. आणि पुढें १८७६ मध्यें स्टीव्हन्सननें पायीं सहलीवर लिहितांना त्याचीच री ओढली. पण हॅझलिटला एकांत हवा असतो तो स्वतःशीं मोकळेपणानें बोलतां यावें म्हणून. सोबती असला तर प्रत्येक झाडाचा आणि ढगाचा खुलासा करीत बसावें लागतें, याचा त्यास कंटाळा. रान त्याच्या लेखीं मनोराज्याची पार्श्वभूमि. आणि संध्याकाळीं खाणावळींत गरम जेवण मिळालें कीं स्वारी तृप्त. थोरोचें दुखणें अगदीं उलट आहे. शरीर मैलभर रानांत गेलें तरी मन गांवांतल्या कामांतच घोटाळत राहतें, याबद्दल तो स्वतःवर चिडतो. रानांत येऊन रानाबाहेरचाच विचार करावयाचा तर येथें माझें काय काम, असें तो स्वतःस बजावतो. हॅझलिटला एकांतांत ‘मी’ सांपडतो. थोरोला तो तेथें टाकून द्यावयाचा असतो. दोघेही एकटे चालतात म्हणून त्यांस एका माळेंत ओंवणारे संग्राहक हा भेद लक्षांत घेत नाहींत.

मराठी वाचकास येथें एक अडचण वाटेल. चालणें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वारी उभी राहते. म्हणजे चालणें तें दिंडींत, टाळांच्या ठेक्यावर, हजारांच्या संगतीनें. पण एकाकी भ्रमणाचाही धागा आपल्याकडे जुना आहे. मराठी गद्याच्या आरंभींच्या ग्रंथांपैकीं जो ‘लीळाचरित्र’, त्याच्या पहिल्या भागाचें नांवच ‘एकांक’: चक्रधरांच्या एकट्या भटकंतीचा तो भाग. वृक्षवेलींस सोयरे मानणारे तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगरावर एकटेच जाऊन बसत. मात्र या दोन्ही ठिकाणीं एकांत हें साधन आहे. डोळा रानावर नसून रानापलीकडे आहे. थोरोचा डोळा रानावरच खिळतो. त्याला पलीकडचें कांहीं दिसत असेलच तर तें पानाच्या शिरांतून दिसतें. भगवद्गीता आणि मनुस्मृति यांचा तो वाचक होता, ‘चालणें’ या निबंधांतच विष्णुपुराणाचा हवाला आहे, म्हणून त्याला आपल्या ऋषींच्या पंक्तीस बसविण्याचा मोह आपल्या लेखकांस होतो. तो आवरावा हें बरें.

आतां ‘शरदाचे रंग’. हा निबंध आम्ही पहिल्यापेक्षां वरचा मानतों, कारण येथें उपदेशक बराच मागें राहिला आहे आणि पाहणारा पुढें आला आहे. रचना पंचांगासारखी आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धांत जांभळें होणारें गवत, सप्टेंबरच्या अखेरीस तांबडा मेपल, मग एल्म, मग गळलेलीं पानें, मग रस्त्यांच्या कडेचे साखर-मेपल, आणि सर्वांच्या शेवटीं, ऑक्टोबर सरतां सरतां, शेंदरी ओक. ज्या गवतास शेतकऱ्याचा विळा स्पर्शही करीत नाहीं, त्या निरुपयोगी गवतापासून आरंभ करणें यांतच लेखकाची दृष्टि दिसून येते. कालिदासाचा ‘ऋतुसंहारां’तला शरद काशाच्या फुलांचें वस्त्र नेसून येतो, त्याची येथें आठवण व्हावी. दोन अगदीं भिन्न देशांतल्या दोन लेखकांनीं एकाच ऋतूचें दार गवतानें उघडावें, हा योगायोग मोठा सुंदर आहे. पुढें मात्र वाटा फुटतात.

तांबड्या मेपलचें प्रकरण निबंधाचा कळस होय. रस्त्यापासून मैलभर आंत, एका दरीच्या तोंडाशीं, कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना एक लहानसा मेपल वाढलेला असतो. सारा उन्हाळा तो आपलें काम चोखपणें करतो. आणि इतर झाडें अजून हिरवीं असतांना एके दिवशीं हा एकटाच लालबुंद होऊन वाटसरूला दुरून खूण करतो. याच ओघांत थोरो एक खट्याळ शंका काढतो: मेपल असे पेटले असतां ते जुने कर्मठ प्यूरिटन लोक काय करीत असतील? वनराईंत उपासना करणें तर त्यांस अशक्यच झालें असेल. म्हणूनच बहुधा त्यांनीं प्रार्थनामंदिरें बांधलीं आणि भोंवतीं घोड्यांच्या पागा उभारल्या! हा विनोद थोरो गावांतल्या सज्जनांसमोर उभा राहून वाचीत असे, हें लक्षांत ठेविलें म्हणजे त्याची धार कळते.

निबंधाचा सिद्धांत असा कीं, पानाचा रंग बदलणें म्हणजे कोमेजणें नव्हे, पिकणें होय. फळ पिकतें तसें पान पिकतें. लोक फळाची वाट पाहतात, कारण तें खातां येतें. पानांचें हें पीक अफाट असूनही केवळ डोळ्यांनींच भोगावयाचें, म्हणून कोणी मोजीत नाहीं. या सिद्धांताचें आजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रकाशांत काय होतें? दिवस आंखूड होऊन थंडी पडूं लागली म्हणजे झाड पानांतलें हरितद्रव्य मोडूं लागतें आणि त्यांतला नत्रासारखा मौल्यवान अंश गळतीपूर्वीं फांदींत परत ओढून घेतें. एल्मसारख्या झाडांचा पिवळा रंग हा मूळचाच. हिरवा ओसरला कीं तो उघडा पडतो. परंतु मेपलचा तांबडा रंग देणारें अँथोसायनिन हें द्रव्य आधींपासून सांठलेलें नसतें. तें झाड शरदांतच नव्यानें घडवितें. लाल सफरचंदाच्या सालींतही याच जातीचें द्रव्य असतें. मरणाच्या दारांत उभें असलेलें पान हा खर्च कां करतें, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. तेव्हां पिवळ्याच्या बाबतींत थोरोचा सिद्धांत लंगडा पडतो, तांबड्याच्या बाबतींत तो बराच टिकतो. त्या काळच्या शास्त्राचा खुलासा मात्र थोरोनें झटकून टाकला. मुलीचा गुलाबी गाल पाहावा, तिनें काय खाल्लें तें कशाला, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो आम्हांस पटत नाहीं. पाईनच्या फुलासाठीं अंगाला राळ फांसून घेणाऱ्यानें असें म्हणूं नये.

गळलेल्या पानांचा भाग वाचतांना वाचकाचा गळा दाटून येतो. होडीवर, नदीच्या पाण्यावर, वाटेवर पसरलेलीं तीं पानें. मातीचें ऋण सव्याज फेडणारीं. आपल्या थडग्यांत किती हलक्या पावलांनीं उतरतात, आणि आपल्याला मरावें कसें तें शिकवितात, असा त्याचा आशय आहे. थोरोच्या मृत्यूनंतर पांच महिन्यांनीं हें छापलें गेल्यामुळें तें मरणोन्मुख माणसाचें निरोपाचें भाषण आहे अशी समजूत रूढ झाली. ती दुरुस्त करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. हा मजकूर व्याख्यान म्हणून १८५९ च्या फेब्रुवारींतच श्रोत्यांपुढें आला होता. त्या वेळीं लेखक धडधाकट होता. मात्र त्याच महिन्याच्या आरंभीं त्याचा बाप वारला होता. पुढें १८६० च्या डिसेंबरमध्यें, झाडांच्या बुंध्यांतलीं वळीं मोजतांना जडलेली सर्दी अंगांत असतांना, तो हेंच व्याख्यान देण्यासाठीं कनेक्टिकटमधील वॉटरबरीस गेला, आणि तें त्याचें शेवटचें व्याख्यान ठरलें. म्हणजे, मृत्यूनें हा निबंध लिहविला नाहीं. निबंध आधीं होता, मृत्यु मागाहून त्याच्या वाटेनें आला. आमच्या मतें यामुळें त्या पानांची किंमत वाढते. मरण समोर दिसूं लागल्यावर पुष्कळांस शहाणपण सुचतें. येथें तें ऑक्टोबरच्या एका निरोगी दुपारीं सुचलेलें आहे.

शेवटीं शेंदरी ओक. येथें थोरो चालावयाचा थांबतो आणि एक पान हातांत घेतो. त्या पानाच्या खोल कापलेल्या किनारींत त्याला एखाद्या बेटाचा किनारा दिसतो: आंत शिरलेलीं आखातें, बाहेर आलेलीं टोंकें; पानापेक्षां आकाशच त्यांत अधिक! आणि मग तो मुद्द्यावर येतो. जें पाहण्याची तयारी डोळ्यानें आधीं केलेली नाहीं तें डोळ्यास दिसत नाहीं. गांवच्या एखाद्या पुढाऱ्यास सर्वांत उंच टेकडीवर उत्तम दुर्बीण देऊन उभें करा. तो काय पाहील? आपल्याच मनांतलें कांहींतरी. शिकाऱ्याला जनावराचा ऋतु, रान आणि वाट ठाऊक असावी लागते, तेव्हां कोठें तें दृष्टीस पडतें, सौंदर्याचेंही तसेंच. ओक प्रथम मनांत यावा लागतो, मग तो टेकडीवर दिसतो.

या वचनाचाच उपयोग करून आम्ही थोरोवर एक आक्षेप घेणार आहोंत. त्याच्या डोळ्यानें कशाची तयारी केलेली नव्हती? ‘चालणें’ मध्यें तो पश्चिमेकडे पसरणाऱ्या गोऱ्या वसाहतीचें कौतुक करतो आणि शेतकरी कुरण सुधारतो म्हणूनच तो इंडियनाची जागा घेतो, असें निःशंकपणें लिहितो. ज्या गांवाभोंवतीं तो हिंडला त्याचें जुनें नांव मस्केटाक्विड. काँकर्ड हें नांव १६३५ मध्यें आलेल्या वसाहतवाल्यांचें. त्या पायवाटा कोणाच्या पायांनीं पडल्या होत्या, हा प्रश्न दुसरीकडे त्यानें मनःपूर्वक विचारला आहे; या निबंधांत मात्र तो विचारीत नाहीं. निग्रोंच्या बाबतींत त्याची दृष्टि अधिक सजग होती. पळून आलेल्या गुलामांस त्याच्या घरानें आसरा दिला, १८५९ मध्यें जॉन ब्राउनची बाजू त्यानें उघडपणें घेतली; आणि ‘वॉल्डन’ मध्यें त्याच रानांत पूर्वीं राहून गेलेल्या केटो, झिल्फा, ब्रिस्टर या एके काळच्या गुलामांच्या झोंपड्यांच्या खुणा, ब्रिस्टरनें लावलेलीं सफरचंदाचीं झाडें, हें सारें त्यानें नांवनिशीवार नोंदून ठेवलें. गांवानें ज्यांस गांवाबाहेर ढकललें त्यांना रानाचा आसरा घ्यावा लागला होता; थोरो तेथें हौसेनें गेला. हा भेद त्याला कळत होता असें त्या प्रकरणावरून आम्हांस वाटतें.

बायकांविषयींचा उल्लेख तर ओझरताच आहे. दिवसभर घरांत कोंडलेल्या स्त्रिया हें सहन कशा करतात, असें विचारून तो पुढें शंका घेतो कीं, बहुतेकींना तें सहन होतच नसावें. वाक्य मार्मिक आहे, पण निबंध तेथें थांबत नाहीं; दुसऱ्याच क्षणीं लेखक काठी घेऊन वाटेला लागतो. त्याच्या दुपारच्या चार तासांत घरचें काम कोणी केलें? सोफियाचीच गोष्ट घ्या. तिलाही वनस्पतींचें वेड होतें. ‘वॉल्डन’ च्या मुखपृष्ठाच्या पानावरचें झोंपडीचें चित्र तिनें काढलेलें. भावाच्या आजारांत लेखणी धरली ती तिनें. आमच्या वाचक भगिनींना हें वाचून आपल्याच घरांतली एखादी आठवण झाल्यास नवल नाहीं. एकट्या स्त्रीनें निर्धास्तपणें रानवाट धरावी अशी स्थिति तेथें तेव्हां नव्हती, आणि आपल्याकडे आज ती पुरती आली आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

हा दोष मान्य करूनही निबंध उणे होत नाहींत. त्या टिपणांचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. दुपारच्या फेऱ्यांत थोरोनें कोणतें झाड कधीं फुललें, कोणतें पान कधीं फुटलें, याच्या तारखा वर्षानुवर्षें टिपून ठेवल्या होत्या. बोस्टन विद्यापीठांतील रिचर्ड प्रायमॅक व त्यांचे सहकारी यांनीं एकविसाव्या शतकांत त्याच रानांत फिरून त्या तारखा ताडून पाहिल्या. २०१४ मध्यें प्रायमॅक यांचा यावरील ग्रंथही निघाला. वसंतांतलीं कित्येक परिचित फुलें थोरोच्या वेळेपेक्षां सरासरीनें आठवडाभर आधीं फुलतात, आणि त्यानें पाहिलेल्या बऱ्याच जाती काँकर्डमधून नाहींशा झाल्या आहेत, असें त्यांस आढळून आलें. कायमचें सोडून जाणाऱ्या यात्रिकाच्या हातून असा ठेवा मागें राहिला नसता. रोज त्याच वाटेनें जाऊन परत येणाऱ्याच्या हातूनच तो राहतो. त्याला वाटेची भीतीही वाटे, हें खरें: झोंपडींत राहावयास येऊन आठवडाही झाला नाहीं तों दारापासून तळ्यापर्यंत आपल्याच पायांनीं वाट पडली, आणि मनाच्याही अशाच वाटा पडतात, असा इशारा त्यानें ‘वॉल्डन’ च्या अखेरीस दिला आहे.

आतां या निबंधांचें मराठी करूं इच्छिणारांसाठीं दोन शब्द. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’ नें (१९५६) महिन्यामहिन्यानें निसर्ग पाहण्याची सवय मराठी गद्यास लाविली आहे, त्यामुळें भूमि तयार आहे. अडचण आहे ती ‘शरद’ या शब्दाचीच. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक: धुवून निघालेलें आकाश, कोजागिरीचें चांदणें, पिकाला आलेला भात, माळावर तेरडा आणि सोनकी. झाडें तेव्हां भरगच्च हिरवीं असतात. सागाची आणि ऐनाची पानगळ येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि आपल्या रानांतला लाल रंग मरणाऱ्या पानांचा नसून पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांचा, किंवा वसंतांत फुटणाऱ्या कुसुंबाच्या कोंवळ्या पालवीचा असतो. मराठी वाचकाला तांबडें पान म्हणजे जन्म. थोरोच्या वाचकाला तांबडें पान म्हणजे निरोप. तेव्हां नुसता ‘शरद’ शब्द घालून भाषांतरकार मोकळा झाला तर निबंधाचा अर्थच उलटा होईल. ‘पानगळ’ म्हणावें तर थोरोच्या पिकण्याच्या सिद्धांतालाच धक्का बसतो, कारण त्याला गळणें नव्हे, पिकणें सांगावयाचें आहे. आमच्या मतें ‘शरद’ हाच शब्द ठेवावा, परंतु पहिल्याच पानावर काँकर्डचें हवामान दोन ओळींत सांगून टाकावें.

झाडांच्या नांवांची उसनी मराठी नांवें बनवूं नयेत. मेपलला मेपल आणि ओकला ओकच म्हणावें. शाळेंतल्या मुलांनाही तीं नांवें आतां परकीं नाहींत. रंगांसाठीं मात्र आपल्या भाषेची पेटी उघडावी: शेंदरी, किरमिजी, जांभळा, केशरी, हळदी, करडा, विटकरी. ओकच्या पानाच्या किनारीचें वर्णन आलें म्हणजे भाषांतरकारानें रत्नागिरीचा नकाशा पुढें ठेवावा; खाडी, भूशिर, बंदर, पुळण हे शब्द त्या कामाला तयारच आहेत.